सोसायटीचा हिशेब कल्याणला

आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब सध्या तीन गावांत उपलब्ध आहे. डोंबिवली पूर्वेला तो खजिनदारांच्या कपाटात आहे, ठाण्याला नौपाड्यात त्यांच्या मेहुणीकडे आहे आणि कल्याण पश्चिमेला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. पहिली जागा कमिटीने ठरवलेली. उरलेल्या दोन संगणकाने परस्पर ठरवल्या.

बिंग फुटलं ते फोनवर.

"काय रे," कल्याणच्या ताईंनी भावाला विचारलं, "तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सात महिन्यांचा मेंटेनन्स भरलेला नाही म्हणे? आणि दिवाळीत एवढ्या माळा लावल्या होत्या त्या कुणाच्या विजेवर?"

खजिनदार काका हबकले. थकबाकीची यादी त्यांनी अजून सेक्रेटरींनासुद्धा दाखवली नव्हती.

"ताई, तुला हे कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मुंजीचं शूटिंग बघायला बसले, तर आधी हेच निघालं. वाचत बसले. पाण्याच्या टँकरचं बिल जरा जास्तच आहे हो तुमच्याकडे."

सोसायटीत ज्याने कुणी एकदा दुसऱ्याच्या घरचा वायफायचा पासवर्ड बदलून दिलेला असतो, तो पुढे कायमचा संगणकतज्ज्ञ ठरतो. त्या नात्याने मला बोलावणं आलं. ठाण्याहून आणि कल्याणहून परत मागवलेल्या दोन धरून काकांच्या टेबलावर तीन हार्ड डिस्क ओळीने ठेवलेल्या होत्या. तिन्ही काळ्या, तिन्ही सारख्याच आकाराच्या, आणि तिन्हींच्या केबलींचा मिळून एक गुंता.

पार्श्वभूमी सांगायला हवी. काकांच्या नातवाची मुंज झाली. हल्ली मुंजीचं शूटिंग तीन कॅमेरे आणि एक ड्रोन लावून होतं, त्यामुळे बटूपेक्षा मंडपाच्या छताचे फोटो जास्त निघतात. फोटोग्राफरने सगळा ऐवज काकांकडे आणून टाकला आणि तो शेकडो जीबींचा होता. एवढं काही व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाही. तेव्हा असं ठरलं की प्रत्येकाने आपापली हार्ड डिस्क डोंबिवलीला पाठवायची. ठाणे आणि कल्याणच्या मधलं स्टेशन असल्याचा हा एक भुर्दंड आहे: दोन्हीकडच्यांना डोंबिवली 'वाटेवरच' असते. ठाण्याच्या मावशींची डिस्क आली, कल्याणच्या ताईंची आली, काकांची होतीच. यांतली काकांची तेवढी कंपनीची, खोक्यातून आलेली. बाकीच्या दोन काकांच्या भाच्याने बनवलेल्या. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून डिस्क काढायची, बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या केसिंगमध्ये बसवायची आणि 'मावशी, फुकटात झालं' म्हणून सांगायचं. दोन्ही केसिंग त्याने एकाच दुकानातून, एकाच वेळी, घासाघीस करून घेतली होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता संगणकाची बाजू ऐकून घेऊ. विंडोजच्या संगणकात प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर मिळतं. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी अक्षरं तिच्या नावाने रिकामी पडून असतात. आपल्याकडे पागडीच्या खोल्या असतात तशातला प्रकार. सी म्हणजे संगणकाची स्वतःची डिस्क. काकांच्या संगणकात डी हे अक्षर डीव्हीडीच्या खणाने अडवलेलं. म्हणजे बाहेरून जो पाहुणा येईल त्याला पहिलं मोकळं अक्षर मिळणार ते ई.

काकांची डिस्क लावली, तिला ई मिळालं. ती काढली, मावशींची लावली. ई रिकामं होतं, ते तिला मिळालं. ती काढून ताईंची लावली, तिलाही ई. विंडोज अगदीच विसराळू आहे असं नाही. कुठल्या डिस्कला कुठलं अक्षर दिलं, याची नोंद तो रजिस्ट्री नावाच्या आपल्या चोपडीत ठेवतो आणि जमेल तेव्हा तेच अक्षर परत देतो. पण ती नुसती नोंद आहे, आरक्षण नव्हे. नवी डिस्क आली आणि अक्षर मोकळं दिसलं, की ते तिच्या नावावर चढतं आणि जुनीचं नाव खोडलं जातं.

एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. पण भाच्याने काकांना आणखी एक सोय करून दिली होती. रोज रात्री नऊ वाजता सोसायटीचं फोल्डर आपोआप हार्ड डिस्कवर उतरवून घेणारी चार ओळींची एक फाइल. त्या फाइलीला काका माहीत नव्हते, त्यांची डिस्क माहीत नव्हती. तिला एकच गोष्ट ठाऊक होती: ई. मुंजीचं शूटिंग उतरायला रात्रभर लागतं, म्हणून काका एकेक डिस्क लावून झोपायला जात. नऊच्या ठोक्याला फाइल जागी व्हायची, ई वर जी कोण बसली असेल तिच्या पदरात थकबाकीची यादी, लिफ्टच्या दुरुस्तीची कोटेशनं आणि पार्किंगच्या भांडणाचा पत्रव्यवहार घालायची आणि 'काम यशस्वी' असं लिहून ठेवायची. तिच्या दृष्टीने काम यशस्वीच होतं.

"यातली माझी कुठली?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाहेरून तिन्ही सारख्या. आत बघावं, तर तिन्ही एक टीबीच्या, आणि संगणक तिन्हींचं माप ९३१ जीबी दाखवत होता. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून उरलेले ६९ जीबी कुठेच जात नाहीत, ते नुसते दिसत नाहीत. हे बाहेरगावच्या माणसाला पटवायला वेळ लागतो. ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत ज्याने फ्लॅट घेतला आहे, तो कागदावरचं आणि हातातलं माप यांतल्या फरकावर चहा पिऊन पुढे जातो.

मग नावावरून ओळखावं म्हटलं. तिन्हींचं नाव 'न्यू व्हॉल्यूम'. नव्या डिस्कवर विंडोजमध्ये खण पाडला आणि नाव टाकायच्या चौकटीला आपण हात लावला नाही, की हे नाव आपोआप पडतं. लोक मुलाचं नाव ठेवायला ज्योतिषी, आत्या आणि इंटरनेट यांचा सल्ला घेतात आणि ज्या डिस्कवर त्या मुलाचे दहा हजार फोटो ठेवायचे तिला बिननावाची सोडतात. मावशींच्या सुनेकडे मॅक आहे. तिथे बिननावाच्या दोन डिस्क एकदम लावल्या तर दुसरीच्या पत्त्यापुढे मॅक मनातल्या मनात '१' हा आकडा जोडतो. कुठली नुसती आणि कुठली एकवाली, हे आधी कोण लावली यावर. म्हणजे एखादा प्रोग्राम कालच्या पत्त्यावर गेला, तर आज दार दुसरीच उघडते.

"आधी सगळ्या काढा," मी म्हणालो. या दुखण्यात पहिला उपाय हाच, आणि तो करायला कुणी तयार नसतो. माणसाची प्रवृत्ती अशी की तिन्ही लावलेल्या ठेवायच्या आणि माऊस हलवत संगणकावर ओरडायचं. सगळ्या काढायच्या, एकच लावायची, डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी उघडून तिथे नवीन काय उगवलं ते बघायचं, कागदावर लिहायचं, ती काढायची, मग दुसरी.

पहिली लावली. कुठली होती कोण जाणे. ती दिसली, 'टिक टिक' असा आवाज केला आणि नाहीशी झाली. मग पुन्हा आली, ती एफ म्हणून.

"बघा," काका म्हणाले, "ही नावं बदलून फिरते."

तिचा तसा दोष नव्हता. काकांनी तिला संगणकाच्या तोंडावरच्या पोर्टमध्ये लावलं होतं, तेही एका लांबलचक केबलने, आणि मध्ये एक चार तोंडांचा हब. यूएसबीच्या जुन्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी तीनच्या निळ्या पोर्टमधून ९००. डिस्कमधली तबकडी फिरायला सुरुवात करतानाच तिला सगळ्यात जास्त वीज लागते. नेमकी तेव्हा ती कमी पडली की डिस्क बसते, उठते, पुन्हा बसते. आणि संगणकाने जुनं अक्षर अजून सोडलेलं नसेल, तर उठून आलेल्या त्याच डिस्कला तो नवी पाहुणी समजून पुढचं अक्षर देतो. घरातलं माणूस बेल वाजवून दोनदा आत आलं तर आपण दोन पाट मांडत नाही, विंडोज मांडतो. हब काढला, आखूड केबल घेतली, मागच्या पोर्टला लावली, टिकटिक थांबली.

एवढ्यात भाच्याने फोनवरून सल्ला दिला, "मामा, स्टेशनजवळच्या दुकानात दाखवा ना." काका आधीच दाखवून आले होते. दुकानातल्या मुलाने डिस्क हातात न घेताच निदान केलं होतं: "फॉरमॅट मारावं लागेल." या क्षेत्रातलं हे पॅरासिटामॉल. फरक इतकाच, की गोळीने ताप जातो, रोग्याच्या आठवणी जात नाहीत. आणि हे औषध संगणक स्वतःहूनही पुढे करतो. डिस्क नीट वाचता आली नाही की तो एक चौकट उघडतो: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं आवश्यक आहे, करू का? बटण ठळक असतं, पाठीमागे माणूस घाईत असतो. तीन काळ्या डिस्क लावलेल्या असताना त्या 'करू का' मधली 'ही डिस्क' म्हणजे नेमकी कोण, हे चौकटीत अक्षरापलीकडे काही लिहिलेलं नसतं. अक्षराचं काय ते आपण पाहिलंच. काकांना मी सांगितलं, की एकापेक्षा जास्त डिस्क लावलेल्या असतील तर फॉरमॅट हा शब्द दिसताच रद्दवर जायचं. ते म्हणाले, "मी सही मागणाऱ्या प्रत्येक कागदाला तेच करतो." खजिनदार उगाच निवडून येत नाहीत.

मागच्या पोर्टवर एकेक लावून बघितल्या, तर तिन्ही नीट दिसल्या. काकांची कंपनीची असल्याने लगेच कळली. तिच्या पोटातल्या चिपवर कंपनीचं नाव होतं. मावशींची कुठली आणि ताईंची कुठली, हे आतले फोटो बघून ठरवलं: एकीत तलावपाळीचे सूर्यास्त, दुसरीत काळ्या तलावाचे. मग हौसेने त्या दोन्ही एकदम लावल्या. एकच दिसली. ती काढली की दुसरी दिसे. पुन्हा दोन्ही लावल्या, पुन्हा एक.

इथे भाच्याची घासाघीस अंगाशी आली. यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाने संगणकाला आपली ओळख सांगायची असते: बनवणाऱ्याचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि त्या एका नगाचा स्वतःचा क्रमांक. साठवणुकीच्या उपकरणांसाठीचा नियम तर स्पष्ट आहे. हा शेवटचा क्रमांक किमान बारा अंकी हवा आणि एकाच जातीच्या दोन नगांचा सारखा असता कामा नये. स्वस्तातल्या केसिंगमध्ये नियम पाळायला कुणाला वेळ आहे? चिप जशी येते तशी बसवतात, आणि सगळ्या चिपांत शून्यापासून चढत्या भाजणीचा तोच क्रमांक ठोकलेला असतो. आत डिस्क वेगळी आहे, पण बोलते केसिंगची चिप, आणि ती दर वेळी त्याच नावाने हजेरी देते. कॉलेजात मित्राची हजेरी लावलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. बॅकअपचे काही प्रोग्राम तर हाच क्रमांक बघून डिस्क ओळखतात. त्यांच्या लेखी ठाण्याच्या मावशी आणि कल्याणच्या ताई एकच.

"हे त्या दोघींना सांगू नका," काका घाईघाईने म्हणाले. मुंजीत मानाच्या साडीवरून काही झालं होतं, त्याचा मला अंदाज होता.

यावर औषध साधं आहे. एका वेळी एकच लावायची, नाहीतर एकीचं केसिंग बदलायचं, तेही वेगळ्या बनावटीचं. भाच्याने बदलून देतो म्हणून सांगितलं. पण मध्यंतरी काकांच्या मनात ऑडिटची धास्ती शिरली होती. हिशेब तीन गावांत पसरला आहे हे कळल्यावर त्यांनी एक नवी कोरी डिस्क आणली आणि भाच्याला हुकूम सोडला, की माझ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढ, एक कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. भाचा आज्ञाधारक. त्याने खरोखरच हुबेहूब काढली.

प्रत इतकी हुबेहूब निघाली की संगणकाने तिला घरात घ्यायला नकार दिला. दोन्ही लावल्या की दुसरीपुढे 'ऑफलाइन' असा शिक्का. फायली कॉपी करणं वेगळं आणि डिस्कचं क्लोन काढणं वेगळं. क्लोनमध्ये फायलींबरोबर डिस्कची सहीसुद्धा उतरते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ही सही चार बाइटांची असते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यतांमधली एक. नव्या पद्धतीत १२८ बिटांची, म्हणजे चौतीसवर सदतीस शून्यं इतक्या शक्यतांमधली. एवढ्या मोठ्या पिशवीतून चिठ्ठ्या काढल्यावर दोन डिस्कना तीच चिठ्ठी योगायोगाने येणं जवळपास अशक्य. पण योगायोगाची वाट बघायला आपण थोडेच बसतो? आपण क्लोन मारतो. एकाच सहीची दोन माणसं समोर उभी राहिली की विंडोज दुसऱ्याला बाहेर बसवतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात त्याने केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवर उजवं बटण दाबून 'ऑनलाइन' म्हटलं की तो तिला नवी सही देतो आणि दोघी सुखाने नांदतात. फक्त ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तिच्या क्लोनला हे करायचं नाही. सही बदलली की सुरू करणाऱ्याला ती सापडत नाही, आणि पडदा काळा ठिक्कर.

लिनक्सवाले या बाबतीत आधीपासून सावध. त्यांच्याकडेही डिस्कना आल्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात आणि उद्या क्रम बदलला की नावं बदलतात. म्हणून तिथली अनुभवी मंडळी नावावर विसंबतच नाहीत. यूयूआयडी नावाचा तो लांबलचक क्रमांकच लिहून ठेवतात. हे मी काकांना सांगितलं आणि तो क्रमांक पडद्यावर दाखवला. काकांचे डोळे एकदम चमकले.

"म्हणजे पिन कोड!"

काका पोस्टातून निवृत्त झालेले. पिन कोडचा विषय निघाला की त्यांच्या हातातला चहा थंड होतो. पण या वेळी ते मुद्द्यावर होते. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. अडचण अगदी आमच्या टेबलावरची होती: एकाच नावाची अनेक गावं, दहा लिप्यांत लिहिलेले पत्ते, प्रत्येकाचं वेगळं स्पेलिंग, आणि पत्रांची वर्गवारी करणाऱ्याच्या हातात नावाखेरीज काही नाही. वेलणकरांनी नावाचा नादच सोडला आणि सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटच्या तीन आकड्यांनी पत्र वाटणारं टपाल कार्यालय. आणि हे करणारा माणूस संस्कृतचा कवी. काकांच्या मते यात नवल काही नाही. ज्याला वृत्तात मात्रा मोजायची सवय आहे त्याला सहा आकड्यांत देश बसवणं काय कठीण?

"पण काका," मी म्हणालो, "पिन कोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो. पुढे पोस्टमनला माणूस ओळखावाच लागतो."

हे त्यांना मान्य करावं लागलं. कारण आमच्या पिन कोडात साई, गणेश, ओंकार आणि श्रीकृपा या नावांनी सुरू होणाऱ्या इमारती किती आहेत, हे पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांना विचारावं. "सर, मी साईच्या खाली उभा आहे" असा फोन रोज कुणाला ना कुणाला येतो, आणि तो उभा असतो तो वेगळ्याच साईच्या खाली. शिवाय पिन कोडाने भावंडांत भेद पाडला तो वेगळाच. ठाणे शहराचे आकडे ४०० ने सुरू होतात, मुंबईचे होतात तसे. डोंबिवली-कल्याणचे ४२१ ने. नौपाड्याच्या मावशी ४००६०२ हा आकडा अशा काही आवाजात सांगतात, की आपण मलबार हिलशी बोलतो आहोत असं वाटावं.

आता प्रश्न उरला अक्षरांचा. विंडोजमध्ये आपल्याला हवं ते अक्षर देण्याची सोय आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर उजवं बटण, 'चेंज ड्राइव्ह लेटर', आणि शेवटाकडचं एखादं अक्षर निवडायचं. विंडोज पाहुण्यांना सुरुवातीची अक्षरं वाटत येतो, त्यामुळे शेवटाकडच्या अक्षरावर सहसा दुसरं कुणी येऊन बसत नाही. कुठली अक्षरं द्यायची, यावर लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. इंडिकेटरवर टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण. मावशींना टी, ताईंना के. मावशींना फोनवर कळवलं, तर त्यांनी आधी विचारलं, "टी म्हणजे टिटवाळा नाही ना?" टिटवाळ्याला टीएल, हे काकांनी त्यांना शपथेवर सांगितलं. ताईंची तक्रार नव्हती. कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस लिहिणाऱ्या रेल्वेने कल्याणला निदान स्वतःचं अक्षर दिलं आहे.

"आणि माझी डी," काका म्हणाले. "डी फॉर डोंबिवली."

डी डीव्हीडीच्या खणाकडे. तो खण काकांनी शेवटचा कधी उघडला ते कुणाला आठवत नव्हतं. एखादं दुसरं अक्षर घ्या म्हणून मी बरंच समजावलं, पण डोंबिवलीकराने आपल्या गावात आपली जागा सोडायची, हे त्यांना मंजूर नव्हतं. शेवटी डीव्हीडीला झेड दिलं. एवढ्या लांब बदली झालेली पाहून त्याने निषेध म्हणून खण बाहेर काढला. काकांनी तो हाताने आत ढकलला.

भाच्याने नऊ वाजताची फाइलही सुधारली. आता ती डोळे मिटून अक्षरावर जात नाही. आधी त्या डिस्कवर एक ठरावीक नावाची खुणेची फाइल आहे का बघते. नसेल तर हिशेब टाकत नाही आणि काकांना निरोप देते. ही युक्ती यूयूआयडीपेक्षा गावठी आहे, पण ती काकांना समजते, आणि जी व्यवस्था खजिनदाराला समजते तीच आमच्याकडे टिकते. मात्र अक्षरांचा हा सगळा बंदोबस्त काकांच्या संगणकापुरता आहे. मावशींची डिस्क ठाण्याला गेली की तिथला संगणक तिला पुन्हा ई म्हणणार. त्याला आमचं इंडिकेटर लागू नाही. म्हणून काकांनी प्रत्येक डिस्कवर पांढरी मेडिकल टेप चिकटवली आणि त्यावर बॉलपेनने मालकाचं नाव, इमारत, रस्ता आणि पिन कोड लिहिला. पोस्टाची पेटी दिसली तर टाकून देता येईल, इतका नीट.

राहिलं ते डिस्कचं संगणकातलं नाव. मावशींची डिस्क मॅकवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालावी म्हणून ती एक्सफॅट पद्धतीची. तिथे नाव फार तर अकरा खुणांचं. मराठीत मात्रा, वेलांटी, पाय मोडणं सगळं वेगळं मोजलं जातं. 'मावशी फोटो' बसलं. ताईंच्या डिस्कला भाच्याने, काकांच्या मुलांच्या नात्याने, 'आत्याचे फोटो' म्हणायचं ठरवलं, तर बारा खुणा झाल्या आणि शेवटची मात्रा दारातच अडकली. 'आत्याचे फोट' हे ताईंना दाखवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून 'आत्या' एवढंच ठेवलं.

काकांची डिस्क मात्र सोसायटीची मालमत्ता. तिला नाव देण्याचा अधिकार एकट्या खजिनदाराचा नाही, असं सेक्रेटरींनी निदर्शनास आणलं आणि विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे गेला. रंगकामाचा विषय दहा मिनिटांत संपला होता. हा पाऊण तास चालला. संस्थेचं पूर्ण नाव द्यावं, अशी पहिली सूचना आली. इथे एनटीएफएस पद्धत असल्याने मर्यादा बत्तीस खुणांची. समजा नाव 'साईकृपा' असतं (आमचं वेगळं आहे, पण लांबी तीच), तर 'साईकृपा सहकारी गृहनिर्माण संस्था' इथपर्यंत मोजून बत्तीस होतात. 'मर्यादित' बाहेर राहतं. 'मर्यादित' गाळल्यास सभासदांची देणी अमर्यादित होतात की काय, असा प्रश्न वकिली करणाऱ्या सभासदांनी उपस्थित केला. काहींनी नुसतं 'हिशेब' सुचवलं. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी, हिशेब कुठल्या सालापर्यंतचा ते आधी स्पष्ट व्हावं, असा आग्रह धरला. हा मुद्दा त्यांनीच काढावा हे बऱ्याच जणांना रुचलं नाही आणि कल्याणच्या ताईंचा उल्लेख सभागृहात प्रथमच जाहीरपणे झाला. शेवटी नाव सुचवण्यासाठी तीन सभासदांची उपसमिती नेमण्यात आली.

इतिवृत्तात नोंद आहे: 'उपसमितीचा अहवाल येईपर्यंत सदर हार्ड डिस्कचे 'न्यू व्हॉल्यूम' हेच नाव चालू ठेवावे, असे सर्वानुमते ठरले.'